पावसात ठणठणीत, ऑक्टोबरच्या पहाटे आडवी: ३६ किलोमीटरच्या लिंकचं दुखणं

प्रश्न असा आहे. कोकणात एका डोंगरावरून थेट समोरच्या सड्यावर ३६ किलोमीटरची मायक्रोवेव्ह लिंक आहे, मधे बहुतेक सगळं समुद्राचं पाणी. फ्रिक्वेन्सी ७.५ गिगाहर्ट्झ, दोन्ही टोकांना १.८ मीटरच्या डिश, एक समुद्रसपाटीपासून ९४ मीटरवर, दुसरी ७० मीटरवर. जून ते सप्टेंबर लिंक एकदाही पडली नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र पहाटे तीन ते साडेसातच्या दरम्यान रोज दोन-चार वेळा जाते आणि नऊ वाजले की जणू काही झालंच नाही. ठेकेदार म्हणतो, पावसाळी वाऱ्यानं डिश हलली, पुन्हा अलाइन करू. साहेब म्हणतात, पॉवर वाढवा, नाहीतर १५ गिगाहर्ट्झवर जा.

माझं म्हणणं: यातलं आत्ता काहीच करू नका. डिश हलली असती तर दुपारी बारालाही लेव्हल कमी दिसली असती. बिघडलेली वस्तू घड्याळ बघून बरी होत नाही. तुमचं यंत्र धडधाकट आहे, बदलतेय ती मधली हवा. आणि तिच्या खालचं पाणी.

आधी दुपारची लेव्हल तपासून घ्या, म्हणजे हार्डवेअरचा विषय मिटेल. ३६ किलोमीटर आणि ७.५ गिगाहर्ट्झला मोकळ्या अवकाशातला लॉस होतो १४१ डीबी (दर १० डीबी म्हणजे ताकदीत दहापट फरक). १.८ मीटरच्या डिशचा गेन साधारण ४०.४ डीबी, दोन मिळून ८१ धरा. ट्रान्समीटर २७ डीबीएम देत असेल आणि फीडर-ब्रांचिंगमध्ये, म्हणजे रेडिओ ते डिशच्या जोडणीत, २ डीबी जात असतील, तर समोर उणे ३५ च्या आसपास आरएसएल, म्हणजे पोचलेल्या सिग्नलची लेव्हल, यायला हवी. दुपारी एक वाजता दोन्ही टोकांना उणे ३४ ते उणे ३७ दिसत असेल तर अलाइनमेंट उत्तम आहे. कोणालाही टॉवरवर चढवू नका. उणे ५५-६० दिसत असेल तर गोष्ट वेगळी: बहुधा पहिल्यापासूनच डिश साइड लोबवर, म्हणजे मुख्य झोताऐवजी बाजूच्या अशक्त झोतावर, बसवलेली आहे.

आता हवेकडे येऊ. रेडिओ लहर सरळ जाते असं आपण म्हणतो, पण जमिनीलगतच्या हवेत ती किंचित खाली वाकते. हवा वर विरळ होत जाते, बाष्पही कमी होतं, त्यामुळे वक्रीभवनांक उंचीबरोबर घटतो. हा वक्रीभवनांक मोजायला आम्ही ‘एन’ हे एकक वापरतो. साधारण हवेत दर १०० मीटरला एन ४ नं कमी होतो. तेवढ्या वाकण्याचा हिशेब म्हणून पृथ्वीची त्रिज्या चार-तृतीयांश पट धरायची. हाच तो लिंकच्या आराखड्यातला के फॅक्टर. हीच घट १०० मीटरला १५.७ च्या पुढे गेली की लहर पृथ्वीच्या गोलाईपेक्षा जास्त वाकते आणि थरात अडकते. त्याला डक्ट म्हणतात.

१५.७ हा आकडा मोठा वाटतो, पण कोकणात तो गाठायला फार कष्ट लागत नाहीत. पाण्यालगत हवा २७ अंश आणि बाष्पदाब ३० हेक्टोपास्कल आहे असं धरा. त्यावर १०० मीटरवर एक अंश जास्त गरम पण कोरडी हवा आहे, बाष्पदाब २०. एन काढायच्या सूत्रात घालून बघा, तो ४६ नं पडतो. मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. तापमानाचा यात वाटा थोडा, खरा खेळ बाष्पाचा आहे. आपल्याकडे पाऊस परतला की आकाश निरभ्र होतं, रात्री जमीन भराभर थंडावते, वारा पडतो आणि मतलई वारे जमिनीवरची कोरडी हवा हळूच समुद्रावर सरकवतात. खाली दमट, वर कोरडी, आणि दोन्ही ढवळणारं कोणी नाही. सूर्य वर आला, खारे वारे सुरू झाले की थर मोडतात आणि तुमची लिंक नऊ वाजता शहाण्यासारखी वागायला लागते. पावसाळ्यात वारा चोवीस तास हवा घुसळत असतो आणि वरपर्यंत सगळीच दमट असते, म्हणून जुलैत लिंक शांत. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावर २०० मेगाहर्ट्झचा एक रडार होता. उन्हाळ्यात त्याला हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळायचे आणि पावसाळा लागला की त्याची नजर आखूड व्हायची. अरबी समुद्रावरच्या हवेची ही खोड जुनी आहे. फेब्रुवारी ते मे या काळात ती पुन्हा डोकं वर काढेल, तेव्हा ऑक्टोबर सरला म्हणून सुटलो असं समजू नका.

थरांमुळे होतं काय, तर एकाच डिशमधून निघालेली लहर दोन-तीन वाटांनी पोचते. यालाच मल्टिपाथ म्हणतात. वाटांच्या लांबीत काही सेंटिमीटरांचा फरक असतो, आणि ७.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबीच मुळी ४ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरच्या फरकात बेरजेची वजाबाकी होते. थर सारखे हलत असल्यामुळे हा हिशेब सेकंदासेकंदाला बदलतो. सिग्नल असा खाली पडतो त्याला आम्ही फेड म्हणतो. खोल फेडला एक सोयीचा नियम आहे: जितक्या खोलीचा फेड बघाल, त्याहून १० डीबी खोल फेडमध्ये एकूण वेळ दहावा हिस्सा जातो. हा नियम लक्षात ठेवा, साहेबांना उत्तर द्यायला लागणार आहे.

तुमच्या लिंकमध्ये याखेरीज आणखी एक भानगड आहे, आणि माझ्या मते तीच मोठी. समुद्र हा आरसा आहे. तुमच्या डिश गरजेपेक्षा बऱ्याच उंच आहेत. हिशेब बघा: मधोमध पृथ्वीची गोलाई, के चार-तृतीयांश धरला तर, १९ मीटर वर येते. फ्रेनेल झोन म्हणजे थेट रेषेभोवतीचे एकात एक बसणारे फुगे, दर फुग्यामागे वळसा अर्ध्या तरंगलांबीनं वाढतो. त्यातल्या पहिल्याची त्रिज्याही योगायोगानं १९ मीटरच. के दोन-तृतीयांश इतका वाईट झाला तर गोलाई ३८ मीटर होते आणि त्यावर झोनचा साठ टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे एकूण ५० मीटर. तुमची रेषा मध्यावर ८२ मीटरवर आहे. डिझाइन करणाऱ्यानं ‘जास्त उंची म्हणजे जास्त सुरक्षित’ असं मानलं. जमिनीवर ते चालून जातं. पाण्यावर जास्त उंची म्हणजे आरसा पूर्ण उघडा. साध्या हवेत तुमची मोकळीक ६३ मीटर आहे, म्हणजे परावर्तित लहर ढोबळमानानं अकराव्या फ्रेनेल झोनमधून येते. के वाढत जाऊन पृथ्वी सपाट असल्यासारखी झाली की तीच अठराव्या झोनच्या पलीकडे जाते, आणि के दोन-तृतीयांशला आली की पाचव्यात. विषम झोनला दोन्ही लहरी एकमेकींना हात देतात, सम झोनला एकमेकींच्या मुळावर उठतात. एका रात्रीत हवा के चे हे फेरे घेते आणि लिंक प्रत्येक सम झोनला एकदा खड्ड्यात जाते. रोज दोन-चार वेळा, तुम्ही म्हणता तसंच. दिवसा लाटा फुटत असतात, आरसा खडबडीत असतो, परावर्तन विखुरतं. जुलैत तर विचारूच नका. पहाटे वारा पडला की पाणी थाळीसारखं सपाट.

यात भरती-ओहोटीही आली. समुद्राची पातळी तीन मीटर बदलली तर तुमच्या हिशेबात जवळजवळ एक पूर्ण झोन सरकतो, म्हणजे शिखरावरून थेट खड्ड्यात. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका खाडीवरच्या लिंकसाठी मी आठ रात्री शेल्टरमध्ये काढल्या. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एजीसीच्या टोकाला मल्टीमीटर लावायचा, शंभर पानी वहीत दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा, मधेच डुलकी लागली की पुढच्या ओळीत ‘झोप’ असं प्रामाणिकपणे नोंदवायचं. चौथ्या दिवशी वही चाळताना दिसलं की सगळ्यात खोल फेड रोज पाऊण तासानं पुढे सरकतोय. हवेला पाऊण तासाचं वेड नसतं. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ येते, हे कोकणात ज्याला त्याला ठाऊक: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वहीतल्या वेळा भिंतीवरच्या पंचांगाशी ताडून पाहिल्या आणि चहा गार होईपर्यंत तसाच बसून राहिलो. तोवर त्या लिंकसाठी रायगर चार वेळा टॉवरवर चढले होते.

म्हणून तुमच्याही फेडच्या वेळा दहा-बारा दिवस लिहून काढा. रोज सुमारे पन्नास मिनिटांनी सरकत असतील तर भरती. उधाणाच्या दिवसांत त्रास जास्त आणि भांगाच्या दिवसांत कमी असेल तर शंकाच नको. वेळा तीन ते साडेसातलाच चिकटून असतील तर हवा. दोन्ही मिसळलेलं दिसेल, असा माझा अंदाज आहे.

लॉग वाचताना दोन ठिकाणी माणूस फसतो. एनएमएसवर, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, दिसणारा तासाचा सरासरी आलेख निरुपयोगी आहे. २० सेकंदांचा ४० डीबीचा खड्डा तासाच्या सरासरीत ओरखडासुद्धा उमटवत नाही. पंधरा मिनिटांची किमान आणि कमाल आरएसएल काढा. फेडच्या वेळी नुसती खाली नाही, थोडी वरही गेलेली दिसेल, दुपारपेक्षा ४-५ डीबी जास्त. हे मल्टिपाथचं पक्कं लक्षण, कारण पाऊस किंवा सैल बोल्ट लेव्हल कधीच वाढवत नाही. दुसरी गोष्ट एटीपीसी. ही सोय चालू असेल तर फेड आला की समोरचा ट्रान्समीटर आपोआप पॉवर वाढवतो आणि आरएसएलचा आलेख सपाट दिसतो. एकदा ‘फेड नाहीच, लिंक तरी का पडते’ म्हणून एकानं मला तीन दिवस फोन केले. ट्रान्समिट पॉवरचा लॉग काढायला लावला, सगळा फेड तिथं लपला होता.

दोन्ही दिशांचे आलेख शेजारी ठेवा. पावसाचा फेड दोन्हीकडे एकदम आणि जवळपास सारखाच येतो. मल्टिपाथमध्ये जायची आणि यायची फ्रिक्वेन्सी वेगळी असल्यानं खोल खड्डे दोन्हीकडे एकाच क्षणी पडत नाहीत. फक्त एकाच दिशेला आणि कायमची लेव्हल उतरली असेल तर ट्रान्समीटर किंवा रिसीव्हर बघा. पावसाच्या सरीनंतर दोन-तीन दिवस हळूहळू सावरत असेल तर फीडरमध्ये पाणी आहे. आणि वर्षानुवर्षं इंचाइंचानं उतरत असेल तर वाटेत काही वाढतंय का ते बघून या. किनाऱ्यावर लावलेल्या सुरूच्या बनानं एक लिंक खाल्लेली मी पाहिली आहे.

कधीकधी आरएसएल उणे ४५ असते, म्हणजे मार्जिन भरपूर, तरी एरर्स येतात. घाबरू नका, तो सिलेक्टिव्ह फेड. मागून येणारी लहर काही नॅनोसेकंद उशिरा आली की खड्डा सगळ्या चॅनेलभर न पडता मधेच एका फ्रिक्वेन्सीवर पडतो. तुमचं २८ मेगाहर्ट्झचं चॅनेल म्हणजे धोतर समजा: एकूण कापड शाबूत आहे, पण मधोमध भोक. या विषयावरचं नावाजलेलं मोजमाप १९७० च्या दशकात बेल लॅब्जनं अमेरिकेत जॉर्जियामध्ये ६ गिगाहर्ट्झच्या एका लिंकवर केलं. रमलर यांनी त्यातून काढलेल्या प्रारूपात दोन लहरींमधला उशीर ६.३ नॅनोसेकंद धरलेला आहे. रेडिओतला इक्वलायझर अशी भोकं काही प्रमाणात रफू करतो. पॉवर वाढवून इथं काडीचाही फायदा नाही, कारण उशिरा येणारी लहरही तेवढीच वाढते. अशा वेळी आरएसएलपेक्षा एमएसईचा, म्हणजे सिग्नल किती बिघडलाय ते सांगणारा, आकडा खरं बोलतो.

आता साहेबांच्या दोन्ही सूचनांचा हिशेब करू. फेड मार्जिन, म्हणजे लिंक पडण्याआधी सिग्नल किती घसरू शकतो ते, ३५ डीबी धरतो, रिसीव्हरचा थ्रेशोल्ड उणे ७० च्या आसपास असेल असं मानून. फेडमुळे लिंक किती वेळ बंद राहील ते सांगणारं बार्नेट आणि विगंट्स यांचं सूत्र अमेरिकन मोजमापांवर उभं आहे, तेव्हा आकडा ढोबळ समजा. त्यात पाण्यावरच्या दमट वाटेसाठी गुणक ४, साध्या जमिनीसाठी १. तुमच्या लिंकला वाईट महिन्यात साडेअकरा मिनिटं बंद वेळ निघतो. तीच लिंक जमिनीवर असती तर तीन मिनिटांच्या आत. सूत्रात अंतराचा घन आहे, म्हणून १८ किलोमीटरच्या दोन टप्प्यांत तोडलेली वाट फार शांत होते. पण समुद्रात मधे टॉवर कुठून आणणार.

पॉवर ३ डीबीनं वाढवली, म्हणजे दुप्पट केली, तर साडेअकराचे पावणेसहा होतील. ते आपल्याला आधीच माहीत होतं, १० डीबीला दहावा हिस्सा. पैसे वाया नाहीत, पण रोग तसाच.

१५ गिगाहर्ट्झचा विचार तर मनातूनच काढून टाका. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत ७ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे पावणेदोन डीबी जातात, १५ ला जवळपास ८ आणि २३ ला १४. सर ३६ किलोमीटर पसरलेली नसते हे खरं, पण पाच-सहा किलोमीटरची एक जोरदार सर वाटेत आली तरी ४० डीबी गेले आणि लिंक आडवी. इथं दिवसाच्या एकूण पावसाला अर्थ नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, पण लिंकच्या दृष्टीनं त्यातली सर्वांत जोराची काही मिनिटं महत्त्वाची. ऑक्टोबरचं दुखणं घालवायला जून ते सप्टेंबरचं विकत घेऊ नका. सात-आठ किलोमीटरची लिंक असती तर मी वेगळं बोललो असतो.

डिश मोठी करावी का? ३ मीटरची लावली तर दोन्ही टोकांचे मिळून ९ डीबी वाढतात, कागदावर चांगलं दिसतं. पण १.८ मीटरच्या डिशचा बीम दीड अंशाचा, ३ मीटरचा एक अंशाच्याही आत. रात्री हवेमुळे लहर येण्याचा कोनच अर्धा-पाऊण अंश वरखाली होतो. अरुंद बीम तेव्हा लक्ष्य चुकतो. शिवाय जुन्या टॉवरवर ३ मीटरच्या डिशचा वाऱ्याचा भार, तोही समुद्राकडून. यावरून माझी एक चूक सांगतो. नवखा असताना ३ मीटरची डिश मी पहाटे साडेपाचला अलाइन केली. हवा छान, रायगर ताजे, आकडाही झकास आला. बोल्ट आवळून खाली उतरलो, पोहे खाल्ले आणि दुपारी बघतो तर लेव्हल ५-६ डीबी खाली. मी डिश समोरच्या टॉवरकडे नव्हे, त्या पहाटेच्या हवेकडे रोखली होती. अलाइनमेंट करायची ती भर दुपारी, वारा वाहत असताना. उन्हात रायगर शिव्या देतात, त्या ऐकून घ्यायच्या. तुमच्या ठेकेदारानं ‘सकाळी लवकर करून टाकू’ म्हटलं तर याच कारणासाठी हात जोडा.

तुमच्या लिंकला औषध एकच: स्पेस डायव्हर्सिटी. प्रत्येक टॉवरवर मुख्य डिशच्या खाली दुसरी रिसीव्ह डिश. एका डिशवर लहरी एकमेकींना मारत असतील तेव्हा दुसरीवर बहुधा मारत नसतात. हवेतल्या मल्टिपाथसाठी दोन डिशमधलं अंतर तरंगलांबीच्या १५० ते २०० पट हवं, म्हणजे ६ ते ८ मीटर. विगंट्स यांच्या सूत्रात अंतराचा वर्ग येतो, म्हणून माणूस मोहात पडतो: १० मीटर ठेवलं तर सुधारणा ७९ पट, ६ मीटरला फक्त २८ पट. पण पाण्यावर हा मोह नडतो. परावर्तनामुळे टॉवरच्या उंचीवर शिखर-खड्डा-शिखर असे पट्टे पडतात. साध्या हवेत तुमच्याकडे एका खड्ड्यापासून पुढचा खड्डा साधारण ११ मीटरवर आहे. १० मीटरवर लावलेली दुसरी डिश पहिलीबरोबरच खड्ड्यात जाईल. याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे ५.७ मीटरच्या आसपास, एक खड्ड्यात असताना दुसरी शिखरावर असते. के बदलला की हे निम्मं अंतर साडेचार ते आठ मीटरच्या दरम्यान हलतं, म्हणून मी ६ मीटर धरीन. साडेअकरा मिनिटांचे अर्ध्या मिनिटाच्या आत येतील, आणि इक्वलायझरवरचा ताणही उतरेल. खालच्या डिशला मोकळीक पुरते का, ते के दोन-तृतीयांश धरून तपासा. तुमच्याकडे ती पुरून उरते.

बजेट बिलकुल नसेल तर फुकटातले दोन उपाय. दोन्ही डिश किंचित वर उचला, दुपारची लेव्हल दोनेक डीबी पडेपर्यंत. पाण्याकडे जाणारी लहर थोडी अशक्त होते. या अंतरावर मूळ आणि परावर्तित लहरीतला कोन फारच लहान असल्यानं चमत्काराची अपेक्षा नको. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: एका टोकाची डिश टॉवरवर बरीच खाली आणणं. उंची विषम झाली की परावर्तनाचा बिंदू खालच्या टोकाकडे सरकतो. तिथं पाण्याऐवजी कातळ, झाडी किंवा पुढे आलेलं भूशिर असेल तर आरसाच झाकला जातो. ९४ मीटरवालं टोक तसंच ठेवून ७० वालं खाली आणता येईल का, हे नकाशावर आणि प्रत्यक्ष जागेवर बघायला हवं. रेषेच्या मध्यावरची ५० मीटरची मर्यादा विसरू नका.

तोवर तात्पुरतं म्हणून अ‍ॅडॅप्टिव्ह मॉड्युलेशन चालू करा. फेडमध्ये रेडिओ दाटीनं माहिती भरणाऱ्या १२८ क्वॅमवरून साध्या पण चिवट क्यूपीएसकेवर उतरेल, वेग कमी होईल पण लिंक जिवंत राहील. पहाटे तीनला ट्रॅफिक तसाही फार नसतो.

मला तीन गोष्टी पाठवा: पंधरा मिनिटांच्या किमान-कमाल आरएसएलचे दहा दिवसांचे आकडे दोन्ही दिशांचे, एटीपीसी चालू आहे की बंद, आणि ७० मीटरवाल्या टोकाचा समुद्राकडे तोंड करून काढलेला एक फोटो, ओहोटीच्या वेळचा. भूशिर दिसतंय का ते बघतो आणि मग दुसरी डिश घ्यायची की आहे तीच खाली आणायची ते सांगतो.